सार्वजनिक कशाला म्हणावे? – गणपती, ग्रंथ आणि आपण

गणपती ही विद्येची देवता. व्यासांनी महाभारत सांगितले आणि ते गणरायाने लिहून घेतले, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. लेखनिकाचे काम करणारा हा देव. तरीही स्मरणिकेच्या या पानांवर आम्ही मूर्ती, मखर किंवा मिरवणुकीचा इतिहास सांगणार नाही. उत्सवाच्या नावामागे जो शब्द आपण सहज लावतो, त्या ‘सार्वजनिक’ या शब्दाचा इतिहास सांगणार आहोत. तो सांगताना वाट जाते ती वाचनालयाच्या दारावरून.

लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने घरातला गणपती चौकात आला, त्या चळवळीची सुरुवात १८९३ साली झाली. त्याच वर्षी, १ जून १८९३ रोजी, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. केवळ मराठी ग्रंथांसाठी निघालेली ही पहिली संस्था. स्थापनेच्या उद्योगात पुढे होते विनायक लक्ष्मण भावे, म्हणजे पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे. तेव्हा ते जेमतेम विशीत होते. एकाच वर्षी एकीकडे देव सर्वांचा झाला आणि दुसरीकडे मराठी पुस्तक सर्वांचे व्हावे म्हणून कपाट उभे राहिले. पहिली गोष्ट आपण दरवर्षी दहा दिवस वाजतगाजत साजरी करतो. दुसरीचा मात्र आपल्याला बराचसा विसर पडला आहे.

‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’

आपल्याकडे ग्रंथ नव्हते असे नाही. मठांत होते, शास्त्रीबुवांच्या घरी होते, संस्थानिकांच्या वाड्यांत होते. पण ते पाहायला मिळणे हे मालकाच्या मर्जीवर होते. पोथी सोवळ्यात, दप्तर रुमालात, आणि दोन्हींच्या गाठी दुसऱ्याच्या हातात.

इंग्रजी अमलात आलेली वाचनालयेही आधी साहेबांसाठीच होती. मुंबईत १८०४ साली लिटररी सोसायटी निघाली. तीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. तिच्या सभासदांत पहिला हिंदी माणूस, माणेकजी करसेटजी, घेतला गेला तो १८४० साली. म्हणजे ज्या देशाच्या विद्येचा अभ्यास करण्यासाठी संस्था निघाली, त्या देशाच्या माणसाला आत यायला छत्तीस वर्षे लागली.

त्यामुळे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावात थोडा अपमान आणि थोडा अभिमान असे दोन्ही आहे. रत्नागिरीला १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्यात आणि बेळगावात १८४८, कोल्हापुरात १८५० अशी ही वाचनालये निघत गेली. आज त्यांतली काही ‘नगर वाचन मंदिर’ किंवा ‘सार्वजनिक वाचनालय’ या नावांनी चालतात. आपल्या शेजारच्या बेळगावचे सार्वजनिक वाचनालय पावणेदोनशे वर्षांचे झाले आहे. बेळगावला नातेवाइकांकडे गेल्यावर कित्येकांनी तिथे वर्तमानपत्र चाळले असेल, पण ही वास्तू पुण्याच्या वाचनालयाच्या बरोबरीने निघाली हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

या वाचनालयांचा रिवाज साधा होता. कलेक्टर किंवा जज्ज पाठीशी, गावचे सरदार, वकील, मामलेदार वर्गणीदार, आणि टेबलावर मुंबईची वर्तमानपत्रे. वर्गणी भरील त्याला पुस्तक घरी मिळे. ऐपत नसलेल्याला, बायकांना आणि ज्यांना गावात विहिरीवरही जाता येत नव्हते त्यांना या दारातून आत बोलावणारे कोणी नव्हते. पुण्यात वाचनालय निघाले त्याच १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. गावच्या प्रतिष्ठितांनी वाचनालयाला आधार दिला, शाळेला मात्र दगड आणि शेण मिळाले. पण वाचणाराच तयार झाला नाही तर कपाट उघडे असून उपयोग काय? म्हणून वाचनालयाचा खरा इतिहास त्या शाळेला वगळून सांगता येत नाही.

दक्षिणेचे पैसे कुठे जावेत?

पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्यांत गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, हे नाव ठळक आहे. ‘प्रभाकर’ पत्रातून त्यांची शतपत्रे याच सुमारास, १८४८पासून, येऊ लागली. इंग्रजांच्या हाती राज्य का गेले याचा विचार करताना ते पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येतात: आपल्याला जगाची माहिती नव्हती, आणि ती मिळवण्याची इच्छाही नव्हती.

लोकहितवादी आणि त्यांच्या विचारांच्या मंडळींनी १८४९ साली आणखी एक गोष्ट केली. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी ती प्रथा आटवत पण चालू ठेवली होती. या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की त्या रकमेतला भाग लोकांना उपयोगी पडतील अशा मराठी ग्रंथांना द्यावा, आणि तो कोणत्याही जातीच्या लेखकाला मिळावा. पुण्यात मोठा गहजब झाला. अर्जदारांना मारहाण होईल अशी स्थिती आली, तेव्हा त्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली.

आजच्या भाषेत सांगायचे तर हा सार्वजनिक पैशाचा वाद होता. पैसा कोणाचा, तो कोणत्या भाषेतल्या विद्येवर खर्च व्हावा, आणि ती विद्या कोणापर्यंत पोहोचावी. दीडशेहून अधिक वर्षे झाली, पण हे तीन प्रश्न तसेच आहेत. हुबळी-धारवाडात ते आपल्यालाही विचारावे लागतील. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

कागद नाही, तर हक्क नाही

माहिती हाती असणे म्हणजे काय, हे आपल्या भागाने फार कठोरपणे अनुभवले आहे. दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाड-बेळगावच्या टापूत, इनामांची चौकशी १८४३पासूनच सुरू झाली. १८५२च्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे धारदार रूप आले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या, देवस्थानचा दिवा लावणाऱ्या घरांना विचारले गेले: सनद दाखवा. ज्याच्याकडे कागद सापडला, त्याची जमीन राहिली. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, आगीत गेला किंवा भाऊबंदकीत हरवला, त्याची गेली. आपल्यापैकी अनेक घरांत ‘आमचे इनाम होते’ ही कहाणी सांगितली जाते. तिचे मूळ बहुधा याच काळात असते.

याच वातावरणात नरगुंद पेटले. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे, ज्यांना सारे बाबासाहेब म्हणत, यांना दत्तक घेण्याची परवानगी नाकारली गेली. मे १८५८मध्ये त्यांनी उठाव केला, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, आणि १२ जून १८५८ रोजी बेळगावात बाबासाहेबांना फाशी झाली. हा भाग आपल्याला ठाऊक असतो. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की हे बाबासाहेब मोठे ग्रंथप्रेमी होते. त्यांच्या संग्रही तीन-चार हजार संस्कृत ग्रंथ होते, असे त्यांच्याविरुद्ध लढलेल्या इंग्रजांच्या बाजूने इतिहास लिहिणाऱ्यांनीच नमूद केले आहे. रस्ते आणि गाड्या नसलेल्या त्या काळात धारवाडच्या पूर्वेला, काळ्या मातीच्या मुलखात, एका किल्ल्याच्या पायथ्याशी एवढा संग्रह जमवणे ही सोपी गोष्ट नव्हे.

पण तो संग्रह संस्थानिकाचा होता, गावाचा नव्हता. संस्थान खालसा झाले तेव्हा ‘हे आमचे आहे’ असे म्हणत पुढे येणारी संस्था, विश्वस्त, सभासद, असे कोणीच नव्हते. खासगी संग्रहाचे आयुष्य मालकाच्या आयुष्याएवढेच असते. हुबळी-धारवाडातल्या प्रत्येक ग्रंथप्रेमी घराने नरगुंदची ही बाजू ध्यानात ठेवावी अशी आहे.

इनामचौकशीच्या कामासाठी सरकारने पेशव्यांचे दप्तर पुण्यात एकत्र जपून ठेवले होते. मराठ्यांच्या राज्याचा जमाखर्च, रोजनिश्या, पत्रव्यवहार असे हजारो रुमाल. ज्यांच्या पूर्वजांनी ते कागद लिहिले, त्यांनाच ते पाहण्याची मोकळीक नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी या रोजनिश्यांचे मोल ओळखले. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले उतारे छापले गेले. पण संशोधकांना दार मोकळे झाले नाही. मग इतिहासाचार्य राजवाडे यांनी दुसरी वाट धरली. सरकारी दप्तर बंद, तर घराघरांतली दप्तरे उघडायची. गावोगाव पायपीट करून, माळ्यांवरचे आणि तळघरांतले कागद मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. पहिला खंड १८९८ साली आला आणि पुढे अशा खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेही याच तळमळीतून. सरकारी दप्तरातून निवडलेले कागद लोकांसमोर यायला १९३० साल उजाडावे लागले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. पेशवाई बुडाल्यापासून शंभर वर्षे उलटून गेली होती.

राजवाड्यातून रस्त्यावर

रियासतकार सरदेसाई यांची बहुतेक नोकरी बडोद्यात, सयाजीराव गायकवाड महाराजांकडे झाली. नरगुंदला जे झाले नाही ते बडोद्यात झाले.

सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच सुमारास अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली मोफत सार्वजनिक वाचनालये पाहिली. शाळेत शिकलेला मुलगा पुढे वाचायला काही नसेल तर चार वर्षांत अक्षरे विसरतो, ही गोष्ट त्यांनी हेरली. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. राजवाड्यातला सुमारे वीस हजार पुस्तकांचा स्वतःचा संग्रह त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. बायकांसाठी आणि मुलांसाठी निराळे कक्ष निघाले. दूरच्या खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. गावाने पेटी मागवायची, वाचून झाली की परत पाठवायची आणि दुसरी आणायची.

यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती पैशाची रीत. गावाने एक वाटा जमवला की एक वाटा पंचायतीने आणि एक वाटा सरकारने घालायचा. त्यामुळे वाचनालय हे ना केवळ सरकारी दान राहिले, ना केवळ श्रीमंतांची हौस. गावाचे पैसे होते म्हणून गाव त्याच्याकडे लक्ष ठेवी. सरकारचे पैसे होते म्हणून गरिबालाही तिथे हक्काने बसता येई. या चळवळीचे ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक १९१२पासून निघाले, आणि ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. गुजराती प्रजेवर राज्य करणाऱ्या मराठी राजाने तिथल्या लोकांची भाषा आधी धरली, आणि आपली सोडली नाही.

आणखी दक्षिणेला तंजावरला पाहा. भोसल्यांच्या त्या राज्यात दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा हस्तलिखितांबरोबर मोडी कागदांचे गठ्ठेही तिथे आहेत. राज्य १८५५ साली गेले, पण ग्रंथालय टिकले आणि १९१८ साली ते लोकांसाठी खुले झाले. तंजावरच्या मराठी घरांची मुले पुढे तमिळमध्ये शिकली. तरी त्यांच्या पूर्वजांनी काय लिहिले, काय गायले, कोणाला किती पगार दिला, हे आज कोणालाही जाऊन पाहता येते. परमुलखात स्थिरावलेल्या मराठी समाजाला याहून चांगला धडा दुसरा नाही.

एका माणसाची सूची

पुस्तक आहे पण ते कुठे आहे हे माहीत नाही, तर ते नसल्यासारखेच. ठाण्यानंतर १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, पण एकूण मराठीत छापले काय काय आहे, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. तो हिशेब शंकर गणेश दाते यांनी मांडला. ग्रंथालये पालथी घालून त्यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली. ‘मराठी ग्रंथसूची’चा हा भाग १९४३ साली प्रसिद्ध झाला. पुढचा, १९३८ ते १९५० या वर्षांचा भाग १९६१ साली आला. विषयवार लावलेली, लेखक-प्रकाशक-साल अशी नोंद असलेली ही सूची आजही संशोधकाच्या टेबलावर असते. १९६४ साली दाते गेले. त्यांचे नाव कोणत्या मिरवणुकीत घेतले जात नाही, पण मराठी भाषेच्या घराची चावी त्यांनी करून ठेवली. पुस्तके जमवणाऱ्याइतकाच त्यांची यादी करणारा मोठा असतो, हे आम्हाला इथे मुद्दाम सांगायचे आहे.

धारवाडचा अनुभव

आता आपल्या गावाकडे. इंग्रजी अमलात धारवाड मुंबई इलाख्यात होते. कचेरीत, शाळांत मराठीचा वरचष्मा होता. इथल्या बहुसंख्य लोकांची भाषा कानडी, आणि तिच्यात मात्र पुस्तके कमी, मान कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी रामचंद्र हणमंत देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जुलै १८९० रोजी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. ग्रंथप्रकाशन, ‘वाग्भूषण’ नियतकालिक आणि वाचनाची सोय, अशी कामे त्यांनी उचलली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय निघायच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. आपल्या भाषेतली विद्या आपल्या लोकांना सहज मिळावी, ही ओढ दोन्हीकडे एकच होती.

हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्या भाषेला तेव्हा या गावात मागणी करावी लागत होती, ती कानडी होती. आज मागणी करायची पाळी आपली आहे. ज्यांनी तो अनुभव घेतला आहे, त्यांना आपली मागणी कळायला अवघड जाऊ नये. आणि याच गावात द. रा. बेंद्रे राहिले. घरात मराठी, कविता कानडीत, आणि दोन्ही भाषांत लेखन. त्यांना ज्ञानपीठ मिळाले ते कानडी काव्यासाठी, पण त्यांच्या मराठी लेखनाचाही गौरव झाला. साधनकेरीच्या त्या घरात दोन भाषांची पुस्तके एकमेकांना खेटून उभी होती, त्यांचे भांडण झाले नाही.

मुंबई इलाख्याच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने १९३९ साली असफ फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयांच्या वाढीसाठी समिती नेमली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची योजना आखली. तिच्या पहिल्या टप्प्यात मुंबईला मध्यवर्ती आणि पुणे, अहमदाबाद व धारवाड इथे तीन भाषिक विभागांची विभागीय ग्रंथालये निघाली. म्हणजे पुणे, अहमदाबाद आणि धारवाड यांना सरकारने एकाच पायरीवर बसवले होते. हा मान धारवाडने विद्येच्या बळावर मिळवला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि एकाच योजनेत वाढलेल्या या गावांच्या वाटा दोन झाल्या. कायद्याच्या बाबतीत शेजारी कोल्हापूर संस्थान सर्वांच्या पुढे होते. तिथे १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा झाला होता. स्वातंत्र्यानंतरचा पहिला कायदा डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांनी १९४८ साली मद्रासला झाला. म्हैसूर राज्याने १९६५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली आपापले कायदे केले. महाराष्ट्राने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान देण्यावर भर दिला. अशी दहा हजारांहून अधिक वाचनालये तिथे आहेत. कर्नाटकाने मुख्यतः सरकारी ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि त्यासाठी एक महत्त्वाची तरतूद केली, ती म्हणजे ग्रंथालय उपकर.

आपल्या पावतीवरचे सहा पैसे

आपण सगळे महानगरपालिकेला घरपट्टी भरतो. तिच्या पावतीवर निरनिराळ्या उपकरांच्या ओळी असतात, त्यांत ग्रंथालय उपकराचीही एक ओळ असते. मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयामागे सहा पैसे असा त्याचा दर आहे. पाच हजार रुपये कर भरणाऱ्या घराचे वर्षाला तीनशे रुपये ग्रंथालयासाठी जातात. पालिकेने हा पैसा गोळा करायचा आणि ग्रंथालय प्राधिकरणाकडे सोपवायचा, अशी रीत आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. म्हणजे या एका बाबतीत आपण पुण्याच्या नातेवाइकांपेक्षा भाग्यवान आहोत. वाचनालयाचे पैसे आपण आधीच भरून बसलो आहोत!

सार्वजनिक ग्रंथालयात मराठी पुस्तके ठेवा, असे म्हणणे म्हणजे कोणाकडे दान मागणे नव्हे, की कोणाच्या भाषेवर अतिक्रमणही नव्हे. कानडी पुस्तके भरपूर असावीतच, आपली मुले ती वाचतात. पण ज्या गावात मराठी, उर्दू, तेलुगू, कोंकणी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या कर भरत आली, तिथे त्या भाषांचे एकेक तरी कपाट नियमित नव्या पुस्तकांसह असावे, ही मागणी सरळ आहे. ती लेखी करावी, वाचकांच्या सह्यांनिशी करावी, आणि मुख्य म्हणजे ग्रंथालयाचे सभासद होऊन करावी. रजिस्टरात मराठी वाचकच नसेल तर ग्रंथपाल पुस्तक मागवणार कोणासाठी?

आणि हिशेबही विचारावा. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. त्याआधीच कर्नाटकाने आपला स्वतंत्र कायदा केला होता. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर तसा कायदा आला. दहा रुपये फी भरून कोणीही नागरिक विचारू शकतो: गेल्या पाच वर्षांत ग्रंथालय उपकर किती जमला, किती सोपवला, त्यातून कोणत्या भाषेची किती पुस्तके घेतली? आपल्या पूर्वजांना पेशवे दप्तराच्या दारात शंभर वर्षे थांबावे लागले. आपल्याला कायद्याने तीस दिवस दिले आहेत. इतके सोपे झालेले काम आळसाने न करणे बरे नव्हे.

माळ्यावरचा ट्रंक

सरकारने काय करावे हे सांगून झाले. आता आपण काय करावे?

हुबळी-धारवाडच्या जुन्या मराठी घरांत काय काय असते ते आपण जाणतो. आजोबांची बांधून घेतलेली ‘किर्लोस्कर’ आणि ‘मनोहर’, आजीची हरिविजयाची पोथी, नाटकांची पुस्तके, जुने दिवाळी अंक, कुठे मोडी लिपीतले खरेदीखत, हुंडी, पंचनामा. नातवंडे बंगळूरला किंवा परदेशात. त्यांना मराठी बोलता येते, वाचणे जड जाते. घर विकायची वेळ येते तेव्हा दागिन्यांची वाटणी होते, भांड्यांची होते, आणि पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत जातात. यात कोणाचा दुष्टावा नसतो. ‘हे कोणाला द्यायचे?’ या प्रश्नाला उत्तर नसते, एवढेच. नरगुंदची गोष्ट अशी घरोघर छोट्या प्रमाणात रोज घडते.

हे उत्तर मंडळाने द्यावे असे आम्हाला वाटते. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. दाते यांच्यासारखी चिकाटी लागते. पहिले काम यादीचे. प्रत्येक घराने आपल्याकडच्या मराठी पुस्तकांची लेखक, नाव, साल अशी साधी यादी करून मंडळाकडे द्यावी. पुस्तके घरातच राहू द्या. कोणाकडे काय आहे हे कळले तरी अर्धे वाचनालय उभे राहते. ही यादी नातवंडांनी मोबाईलवर करावी. मराठी वाचणे जड जाते त्यांना पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचण्यापासून सुरुवात करता येईल.

दुसरे काम मोडी कागदांचे. ते कोणाला देऊन टाकायची गरज नाही. त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढून, कोणत्या घरातले, कोणत्या गावचे, ही नोंद ठेवली तरी पुरे. मोडी वाचणारे पुण्या-कोल्हापुरात आहेत, मोडीचे वर्ग चालतात. आपल्या तरुणांतले दोघे-तिघे शिकले तर धारवाड-हुबळीच्या इतिहासाची किती तरी पाने उघडतील. तो इतिहास मराठी माणसांचा तेवढाच कानडी माणसांचाही आहे, कारण मोडी दप्तरात दोघांचीही नावे आहेत.

तिसरे काम जुन्या पुस्तकांना नवे आयुष्य देण्याचे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते सर्वांचे होते. अशी दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून कोणालाही मोफत वाचायला देणे कायद्याला धरून आहे. मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची कित्येक प्रकाशने आज घरबसल्या मोफत वाचता येतात, हेही आपल्या घरांत पोहोचले पाहिजे. कर्नाटकाने २०२०पासून डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू केले आहे, आणि राज्यातल्या पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायतींत वाचनालये आहेत. वाळवी लागण्याआधी कागद जपण्याची इतकी साधने आपल्या पूर्वजांना कधीच मिळाली नव्हती.

या कामाला पैसा लागेलच. त्यासाठी बडोद्याची रीत घ्यावी. एक वाटा आपण जमवायचा आणि मग हक्काने दुसऱ्यांपुढे जायचे. सभामंडपाच्या रोषणाईतला छोटासा वाटा दरवर्षी पुस्तकांच्या खात्यावर गेला, तर विद्येच्या देवतेला त्यात राग यायचे कारण नाही.

कर्नाटकातल्या या खात्याचे नाव आहे ‘सार्वजनिक ग्रंथालय इलाखे’. कानडीत म्हणा की मराठीत, यातला एकही शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. तिन्ही शब्द आपल्या दोन्ही भाषांनी वाटून घेतले आहेत. शब्द वाटून घेतलेलेच आहेत, आता कपाटही वाटून घ्यावे.

गणपती चौकात बसला म्हणून सार्वजनिक झाला नाही. त्याच्यासमोर कोणालाही येता आले म्हणून तो सार्वजनिक झाला. ग्रंथांचेही तेच आहे. अनंत चतुर्दशीला मूर्तीचे विसर्जन करून आपण घरी येऊ. त्यानंतरच्या रविवारी प्रत्येकाने माळ्यावरची ट्रंक खाली काढावी, धूळ झटकावी, आणि पहिल्या पुस्तकाचे नाव वहीत लिहावे. लेखनिक देवाची ती सर्वांत आवडती पूजा ठरेल, असा आम्हाला विश्वास वाटतो.